निळीसाठी खोटं

आक्का खोटं बोलायची. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं. माणसं पोटासाठी खोटं बोलतात, अब्रूसाठी बोलतात. ही बाई निळीच्या रांजणासाठी बोलायची. आणि बोलायची तरी काय! लोंढ्याला आगगाडी रूळ सोडून तळ्यावर पाणी प्यायला गेली, टेसनमास्तर झेंडा घेऊन मागं पळतोय नि ती वळून बघत नाही. सदलग्याला एका बाईला जुळं झालं, त्यातलं एक जन्मल्या जन्मल्या मराठी बोललं आणि दुसऱ्यानं त्याला कानडीतनं शिवी घातली. हे सांगताना चेहरा असा की बारशाच्या घुगऱ्या अजून तोंडात आहेत. आणि शेवटी ठरलेले दोन शब्द: "खरं हाय."

शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना सूत रंगवून देणारा आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, ओढ्याच्या काठाला एक लांबलचक छप्पर आणि छपराखाली गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले पाच रांजण. त्यांत नीळ आंबायची. निळीच्या वड्या, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी. रांजण जमला की वर तांबूस साय धरते, सूत बुडवून काढलं की हिरवट निघतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. नाही जमला की नासलेल्या उकिरड्यासारखा वास सुटतो आणि आठ दिवसांची मेहनत ओढ्यात. कधी बिघडेल, का बिघडेल, सांगता यायचं नाही. बिघडला की जुन्या निळाऱ्यांचा एकच इलाज होता. एक मोठ्ठं खोटं उठवायचं आणि गावात सोडून द्यायचं. ते फिरत फिरत परक्या माणसाच्या तोंडून पुन्हा छपराखाली आलं, की रांजण सुधारतो. हसाल तर हसा. मी पाच वर्षं हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

खोटं उठवायचं आक्कानं, पसरवायचं आम्ही बायकांनी. विहिरीवर, गिरणीत, बाजारात. सांगताना हसायचं नाही, हसली तिची धडगत नव्हती. मग तीन दिवसांनी कुणी दहीवाली, कुणी वैदीण यायची आणि म्हणायची, "ऐकलासा काय, लोंढ्याला आगगाडी म्हनं..." की आक्का ओलं सूत खाली टाकून टाळी द्यायची. "सुळ्ळु!" म्हणायची. घरात ती कानडी बोलायची. सुळ्ळु म्हणजे खोटं. तेवढं म्हणून रांजणाचं झाकण काढायची आणि आत वर फेस आलेला असायचा. एकदासुद्धा चुकलं नाही. नंतर मला कुणी शिकल्या माणसानं सांगितलं की तीन दिवस नुसता झाकून ठेवला तरी रांजण सुधारला असता. असेल. पण तेव्हा आम्हाला हे कुणी सांगायचं?

ती तिथं आली कशी, ते सांगते. निळाऱ्याच्या घरात जन्म, पण बापानं कधी रांजणाजवळ येऊ दिलं नव्हतं. बाईची सावली पडली की नीळ नासते, असं तो म्हणायचा. ही कुडाच्या फटीतून बघायची. पुढं जर्मनीहून रंगाचे डबे यायला लागले. पावडर बादलीत टाकली, काठीनं ढवळली, झालं. गावोगावचे रांजण बुजले, निळारी मजुरीला लागले, म्हातारे मेले आणि विद्या त्यांच्याबरोबर गेली. मग जर्मनीची लढाई लागली आणि डबे बंद झाले. मागवाले डोक्याला हात लावून बसले. चंद्रकळा काय पांढऱ्या सुताची विणायची? आमच्या मालकानं, आम्ही त्याला शेठजी म्हणायचो, चार गावं पालथी घातली तेव्हा कुणीतरी त्याला पिरनवाडीला भाच्याच्या परसात गोवऱ्या थापणारी ही साठीची बाई दाखवली. फटीतून बघून शिकलेलं तिला सगळं ध्यानात होतं.

ती म्हणाली, "येतो. पर माझ्या हाताखाली बायकाच पायजेत. बाप्या मानूस रांजनापाशी आला की खोकतोय, थुकतोय आन शानपन शिकीवतोय." आमच्या भागात बायकाही येतो-जातोच म्हणतात, पण आक्काच्या तोंडी ते जास्तच शोभायचं. शेठजीला गरज होती, तो कबूल झाला. अशा आम्ही अकराजणी गोळा झालो. कुणी रांडावलेली, कुणी टाकलेली, कुणाचा नवरा पलटणीत. 

बाईची तऱ्हा काय सांगू! रांजणांना ती सुनांसारखी वागवायची. पहिला रांजण थोरली, शेवटचा धाकटी. सकाळी आल्या आल्या पाचींना गूळ, मग आपल्या तोंडात भाकरी. बोट बुडवून जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "थोरलीला चुना जास्त झाला. कुनी घातला? गंगे, तू?" आणि गंगीनंच घातलेला असायचा. तपकीर ओढणारीला छपराखाली पाय ठेवू द्यायची नाही, वास कळत नाही म्हणून. हात कोपरापर्यंत निळे. तिनं थापलेल्या भाकरीवर निळी बोटं उठायची आणि ती भाकरी ती आम्हाला आग्रहानं वाढायची. "खा गं, विख न्हाय त्ये." एकदा शेठजीचा जावई मुंबईचे बूट घालून आत आला आणि रांजणात वाकून बघायला लागला, तर हिनं पिळायचं ओलं सूत त्याच्या पाठीत घातलं. पांढऱ्या कोटावर निळा पट्टा. आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. शेठजी ब्रसुद्धा काढू शकला नाही, कारण तिच्याशिवाय नीळ येत नव्हती.

असा मान आम्ही कुणीच जन्मात पाहिला नव्हता. म्हणूनच आता सांगायला लाज वाटते ते सांगते. लढाई संपू नये म्हणून आम्ही देवाला दिवा लावायचो. व्हय, अगदी खरं. कुठला तो जर्मनीचा राजा आणि कुठली ती जहाजं, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की तिकडे माणसं मरताहेत तोवर इकडे आमच्या चुली पेटताहेत. एकट्या गंगीचा नवरा पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. ती लढाई थांबावी म्हणून शनिवार धरायची. आम्ही तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागलो तेव्हा आक्कानं आम्हालाच झापलं. "तिनं तिच्या द्येवाला सांगावं, तुमी तुमच्या. द्येव काय करायचं त्ये करतोय." गंगीचा नवरा पुढं आला. एक पाय तिकडेच ठेवून आला.

माझं स्वतःचं असं होतं. नवरा प्लेगात गेलेला, पदरात एक मुलगी, तारी. राहणं दिराच्या घरी. दीर वाईट होता असं नाही म्हणवत, पण त्याला घरातलं एक तोंड तरी कमी करायचं होतं. सदलग्याचा एक बिजवर त्यानं हेरून ठेवला होता, चाळिशी उलटलेला, चांगली जमीनजुमलेवाला. तारी तेव्हा सहा-सात वर्षांची. मी हातापाया पडले तेव्हा दिरानं सांगितलं, "वैनी, तुमचा हात चालतोय तोवर न्हाय देत. ज्या दिवशी काम सुटलं, त्या दिवशी मी सदलग्याला निरोप धाडनार." तेव्हापासून मी एक दिवस खाडा केला नाही. ताप अंगात घेऊन सूत पिळलंय मी. त्या छपराखाली माझी पोरगी तगून होती, असंच म्हणायचं.

लढाई संपली. शाळेत पोरांना पेढे वाटले, तारी एक माझ्यासाठी घेऊन आली, मी तो तिलाच भरवला. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, डबे काही आले नाहीत. आम्ही सैल झालो. म्हटलं, बुडाला असेल तो जर्मनी.

आणि मग शिमग्याच्या आधी धाकटी बिघडली. तो दिवस रविवार. वास सुटला होता, आम्ही सगळ्या आक्काच्या तोंडाकडे बघत होतो, आता काय सोडते म्हणून. ती शेठजीच्या घरून आली होती. आली ती उभीच राहिली, सूत हातात घेतलं नाही.

"ऐका गं समद्या," ती म्हणाली. "जर्मनीचं जहाज मुंबैला लागलं. शेठजीनं निळीचं डबं आनल्यात, माडीवर रचून ठेवल्यात, मी बगून आलो. पाडव्याला रांजन बुजवनार हाय त्यो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचा मुकादम धरमशाळेत उतरलाय. पंदरा बायका पायजेत त्याला. पोरंबाळं आनली तरी चालतंय, ऱ्हायाला खोली देतोय. बुधवारी पाटं गाड्या सुटनार. आज जाऊन नावं द्या."

 गंगी म्हणाली, "आक्का, लई झ्याक जमलं गं!" आणि आम्ही खो खो हसत सुटलो.

"हसू नगासा. खरं हाय."

आता तुम्हीच सांगा. पाच वर्षं ती प्रत्येक खोट्याला हेच दोन शब्द लावत आली होती. आम्ही आणखी हसलो. एकजण म्हणाली, ह्या खेपेला जरा फिकं आहे, जनावर नाही की भूत नाही. दुसरी म्हणाली, फिकंच लांब जातं. आक्का एकेकीच्या दंडाला धरून हलवत होती आणि आम्हाला वाटत होतं, म्हातारी धाकटीसाठी काय जीव तोडतेय!

आणि आम्ही ठरल्याप्रमाणे बाहेर पडलो, पसरवायला. मी विहिरीवर गेले. छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की आमचा कारखाना बंद होणार आणि निपाणीचा मुकादम धर्मशाळेत बसलाय. पंधरा बायका, खोलीसुद्धा. माझ्याइतकं चांगलं त्या दिवशी कुणीच सांगितलं नसेल. विहिरीवरच्या बायकांनी घागरी तशाच ठेवून ऐकलं. त्या मागवाल्यांच्या घरच्या, त्यांना आमच्या रांजणाचं काय माहीत? कांड्या भरून भरून बोटं झिजलेल्या, त्यांनाही काम हवंच होतं. त्या तिथून सरळ धर्मशाळेला गेल्या.

मंगळवारी दिवेलागणीला आक्का माझ्या घरी आली. तिच्या घरी मी जायचे, ती कधी कुणाकडे जात नसे. दीर बाहेर होता. तारी भांडी घासत होती. आक्का उंबऱ्याशीच बसली.

"बाई, तू तरी ऐक. ह्या पोरीपायी सांगतो. नाव दिलंस काय?"

"दिलं की आक्का," मी म्हटलं आणि डोळे मिचकावले. "समद्या गावाला सांगितलं. तू काळजी करू नगं, धाकटी परवा फेस धरतीय बघ."

 आक्कानं तारीला जवळ ओढून आपला निळा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. "हिच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगतो. खरं हाय."

माझं डोकं फिरलं. एका नासक्या रांजणासाठी ही बाई माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेते! मी तारीला ओढून घेतलं आणि नको नको ते बोलले. वांझोटी म्हटलं. तुला पोटचं नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीची किंमत नाही, असं म्हटलं. दंडाला धरून उठवलं आणि बाहेर काढलं. ती रस्त्यात बराच वेळ उभी होती. मी दार लावून घेतलं.

बुधवारी दुपारी छपराखाली कासारीण आली, बांगड्यांची माळ खांद्यावर. टेकली आणि म्हणाली, "अगं, तुमचा कारखाना पाडव्याला बंद व्हनार म्हनं? आमच्या आळीतल्या चौघी आज सकाळी निपाणीला गेल्या बी."

आम्ही टाळ्या पिटल्या. परत आलं! खोटं परत आलं! तीनच दिवसांत! सगळ्या आक्काकडे वळलो, आता सुळ्ळु म्हणेल म्हणून. ती थोरलीच्या काठाशी बसली होती. उठली नाही. मग गंगीनंच जाऊन धाकटीचं झाकण काढलं.

तो वास मला आजही येतो. वर फेस नव्हता, साय नव्हती. राखेच्या पाण्यासारखं मेलेलं पाणी.

"आक्का," मी म्हटलं, "सुळ्ळु म्हन. म्हन की गं."

तिनं लुगड्याला हात पुसले. "न्हाय," म्हणाली.

मी धर्मशाळेपर्यंत पळाले, अनवाणी. तिथं शेण होतं, चारा सांडलेला होता आणि झाडणारा एक म्हातारा होता. पंधराच्या पंधरा जागा भरल्या, तो म्हणाला, एवढ्या बायका आल्या होत्या की काहींना परत लावावं लागलं. त्या पंधराजणींतल्या किती मीच पाठवल्या, हे मी कधी मोजलं नाही.

पाडव्याला रांजण बुजले. एका बाप्यानं एका बादलीत सकाळच्या प्रहरी जेवढं सूत रंगवलं, तेवढं आम्हा अकराजणींना तीन आठवडे पुरलं असतं. रंगही चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवू. शेठजीनं जाताना आम्हाला एकेक चोळीचा खण दिला. खण त्या नव्या निळीचा होता.

आणि आम्ही काय केलं? आम्ही आक्कालाच शिव्या घातल्या. शेठजीला घालायची हिंमत नव्हती आणि जर्मनीला घातल्या तर ऐकू गेल्या नसत्या. तुझं तोंड खोटं बोलून बोलून नासलं, त्यात आम्ही मेलो, असं मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. आता विचार करते तेव्हा कळतं, की ती खोटं बोलली ती आगगाडीबद्दल, सदलग्याच्या जुळ्याबद्दल. आमच्या भाकरीबद्दल ती पाच वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती. एवढं ध्यानात यायला मला किती उशीर झाला! पिरनवाडीला पावसाळ्यात ती वारल्याचं कळलं. मी गेले नाही. माझ्या मनात अजून राग होता, आणि तेव्हा दुसरंही पुष्कळ घडून गेलं होतं.

वैशाखात तारीचं लग्न झालं. दिरानं शब्द पाळला. गाडीत बसताना पोरगी रडली नाही, तिला वाटलं जत्रेला चाललोय. पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मला निरोप आला तो तिसऱ्या दिवशी. ह्याहून जास्त मी तिच्याबद्दल सांगत नाही, सांगवतही नाही.

त्यानंतर मला दिराच्या घरात राहायचं कारण उरलं नाही. मी पायी निपाणीला आले आणि तंबाखूच्या वखारीत लागले. पानं झोडायची, चाळायची, काड्या निवडायच्या. खोकला जडला, डोळे चुरचुरतात, पण हात चालतो. इथंही तेच आहे. कुठल्या मुलखात भाव पडतो देव जाणे, आणि सकाळी वखारीच्या दारात मुकादम म्हणतो, आज निम्म्याच आत या. आता दुसरी लढाईही होऊन गेली. ह्या खेपेला मी कुठल्याच देवाला दिवा लावला नाही.

जुना मुकादम म्हातारा झालाय, आता नुसता पेटीवर बसून असतो. गेल्या वर्षी बोलता बोलता मी वडगावची म्हणाले, तर तो हसला. "वडगावला मी एकदा बायका न्यायला आलतो," म्हणाला. "लई वर्सं झाली. तिथं एक म्हातारी हुती, हात निळं तिचं, कोपरापतुर. आदल्या राती यिऊन म्हनली, दोन जागा राखून ठेव. मी म्हनलं, नाव सांग. नाव सांगंना, येतील म्हनली. पाटं गाड्या जुपल्या तर ही बैलाच्या म्होरं जाऊन बसली. उठंच ना. थांब म्हनली, माय-लेकी हैत, पोरगी ल्हान हाय, चालायला येळ लागतोय. ऊन चांगलं वर येईस्तोवर थांबलो मी. मग दुसऱ्या दोघी बसवल्या आन गाडी हाकली. कोन हुत्या काय म्हाईत. आल्याच न्हाईत."

त्या सकाळी मी काय करत होते ते मला पक्कं आठवतं. मी उंबऱ्यात बसून तारीची वेणी घालत होते. ती हलत होती म्हणून मी दोनदा सोडून पुन्हा घातली. मला काही घाई नव्हती.